प्लायवूडच्या फर्निचरवरील भरीव लाकडी फळीची जोडणी

प्लायवूडच्या सांगाड्यावर भरीव लाकडाची वरची फळी (कारागिरांच्या बोलीत ‘टॉप’) बसवणे हा सुतारकामातील जोडणीचा एक स्वतंत्र विषय आहे. टेबल, कपाट, दिवाण, टीव्ही युनिट किंवा खणांच्या पेटीवरील अशी फळी सांगाड्याला घट्ट धरून राहिली पाहिजे. त्याच वेळी हवेतील आर्द्रतेनुसार तिला रुंदीच्या दिशेने आकसण्यास व फुगण्यास वाव मिळाला पाहिजे. या दोन्ही गरजा एकाच वेळी भागवण्यासाठी लांबट छिद्रे, खाचेत सरकणारे लाकडी गुटके, धातूच्या फिरत्या पट्ट्या यांसारखी साधने वापरली जातात.

प्लायवूड आणि भरीव लाकूड हे दोन्ही लाकडाचेच प्रकार असले तरी ओलाव्याला त्यांचा प्रतिसाद वेगळा असतो. प्लायवूडचे माप वर्षभर जवळजवळ स्थिर राहते, तर भरीव फळीची रुंदी ऋतूनुसार काही मिलिमीटर बदलते. फळी सर्व बाजूंनी डिंकाने चिकटवली किंवा स्क्रूंनी जखडली, तर हा बदल अडतो आणि फळी तडकते, वाकते अथवा सांगाड्याचे सांधे उखडतात. कोरडा उन्हाळा व दमट पावसाळा यांतील अंतर मोठे असलेल्या प्रदेशांत हा दोष विशेष दिसतो. महाराष्ट्रातील अहिल्यानगर (पूर्वीचे नाव अहमदनगर) जिल्हा हा अशा प्रदेशांपैकी एक आहे.

## लाकडाच्या हालचालीचे कारण

लाकूड आर्द्रताशोषी आहे. त्याच्या पेशींच्या भित्तिका भोवतालच्या हवेतील बाष्प शोषून घेतात व हवा कोरडी झाल्यावर ते पुन्हा बाहेर टाकतात. लाकडातील पाण्याचे वजन त्याच्या पूर्ण कोरड्या वजनाच्या तुलनेत टक्केवारीत मांडले जाते. त्याला आर्द्रतांश म्हणतात. एखाद्या तुकड्याचे वजन ११२ ग्रॅम असेल आणि भट्टीत सुमारे १०३ अंश सेल्सियस तापमानाला पूर्ण वाळवल्यावर ते १०० ग्रॅम भरले, तर त्याचा आर्द्रतांश १२ टक्के होता असे समजावे.

ताज्या लाकडातील पाणी पेशींच्या पोकळीत तसेच पेशीभित्तिकांत असते. वाळताना प्रथम पोकळीतील पाणी जाते. या टप्प्यात लाकडाचे माप बदलत नाही. आर्द्रतांश सुमारे ३० टक्क्यांच्या खाली गेल्यावर पेशीभित्तिकांतील पाणी कमी होऊ लागते आणि लाकूड आकसू लागते. या मर्यादेला तंतुसंपृक्ती बिंदू म्हणतात. घरातील सर्व फर्निचर या बिंदूच्या बरेच खाली असते, त्यामुळे त्यातील आर्द्रतांशाचा प्रत्येक चढउतार मापात उमटतो.

हवेची सापेक्ष आर्द्रता व तापमान स्थिर राहिल्यास लाकूड एका ठराविक आर्द्रतांशावर येऊन थांबते. हा त्याचा समतोल आर्द्रतांश होय. साधारण खोलीच्या तापमानाला ३० टक्के सापेक्ष आर्द्रतेत तो सुमारे ६ टक्के, ५० टक्क्यांत सुमारे ९ टक्के, ६५ टक्क्यांत सुमारे १२ टक्के आणि ८० टक्क्यांत सुमारे १६ टक्के असतो.

### तीन दिशा

लाकूड सर्व दिशांना सारखे हलत नाही. खोडाच्या लांबीला समांतर, म्हणजे तंतूंच्या दिशेने, ओल्या अवस्थेपासून पूर्ण वाळेपर्यंतचे आकुंचन बहुतेक लाकडांत ०.१ ते ०.२ टक्के इतकेच असते. वार्षिक वलयांना काटकोनात, म्हणजे अरीय दिशेने, ते बरेच जास्त असते; आणि वलयांना समांतर, म्हणजे स्पर्शीय दिशेने, सर्वांत जास्त असते. सागाच्या लाकडात अरीय आकुंचन सुमारे २.५ टक्के व स्पर्शीय आकुंचन सुमारे ५.८ टक्के आहे.

यातून जोडणीचा मूळ नियम निघतो. फळी लांबीच्या दिशेने व्यवहारात हलत नाही. ती रुंदीच्या दिशेने हलते. म्हणून मोकळीक ठेवायची ती फळीच्या रुंदीच्या, म्हणजे तंतूंना आडव्या दिशेने.

### प्लायवूडचा स्वभाव

प्लायवूडमध्ये लाकडाचे पातळ थर एकावर एक चिकटवलेले असतात व प्रत्येक थराचे तंतू शेजारच्या थराच्या तंतूंना काटकोनात असतात. एका थराला आडव्या दिशेने फुगायचे असते, तेव्हा शेजारच्या थराचे लांबीच्या दिशेतील न हलणारे तंतू त्याला रोखून धरतात. परिणामी पूर्ण कोरड्या अवस्थेपासून संपृक्त अवस्थेपर्यंतही प्लायवूडच्या लांबी-रुंदीत साधारण ०.२ ते ०.३ टक्के इतकाच फरक पडतो. भारतात सर्वसाधारण वापराच्या प्लायवूडसाठी ‘आयएस ३०३’ व मरीन प्लायवूडसाठी ‘आयएस ७१०’ ही भारतीय मानके आहेत. डिंकाचा दर्जा जास्त असलेले प्लायवूड पाण्याला अधिक टिकते. मात्र वर बसवलेल्या भरीव फळीची हालचाल त्यामुळे कमी होत नाही.

## अहिल्यानगर जिल्ह्यातील परिस्थिती

### हवामान

सुमारे १७,००० चौरस किलोमीटर क्षेत्रफळाचा अहिल्यानगर हा महाराष्ट्रातील क्षेत्रफळाने सर्वांत मोठा जिल्हा आहे. त्याचा बहुतांश भाग सह्याद्रीच्या पर्जन्यछायेत येतो. अहिल्यानगर शहर व पूर्वेकडील आणि दक्षिणेकडील पाथर्डी, जामखेड, कर्जत, श्रीगोंदा या तालुक्यांत पाऊस कमी पडतो. याउलट पश्चिमेकडील अकोले तालुका सह्याद्रीच्या माथ्यापर्यंत पोहोचतो. १,६४६ मीटर उंचीचे कळसूबाई शिखर याच तालुक्यात आहे. भंडारदरा, रतनवाडी व घाटघर या भागांत पावसाळ्यात अतिवृष्टी होते.

मार्च ते मे या काळात जिल्ह्याच्या पठारी भागात दुपारची सापेक्ष आर्द्रता अनेकदा ३० टक्क्यांच्या खाली उतरते. जुलै-ऑगस्टमध्ये सकाळच्या वेळी ती ८० टक्क्यांच्या वर जाते. घराच्या आत व पॉलिशच्या थराखाली हा फरक काहीसा मंदावतो. तरीही एकाच घरातील एकाच फळीचा आर्द्रतांश मे महिन्यात ७ टक्क्यांच्या आसपास आणि ऑगस्टअखेर १२ टक्के किंवा त्याहून अधिक असू शकतो. उन्हाळ्यात वापरले जाणारे पाण्याचे कूलर खोलीतील हवा दमट करतात, तर वातानुकूलन यंत्र ती कोरडी करते; त्यामुळे शेजारशेजारच्या दोन खोल्यांतील फर्निचरही वेगळे वागू शकते.

लाकूड कोणत्या हवामानात वापरले जाणार यावर त्याचा योग्य आर्द्रतांश अवलंबून असतो, हे ‘आयएस २८७’ या भारतीय मानकातही गृहीत धरले आहे. या मानकात सरासरी सापेक्ष आर्द्रतेनुसार देशाचे चार विभाग केले आहेत. मुंबईसारख्या दमट किनारी शहरात तयार झालेले टेबल अहिल्यानगरला आणल्यास त्याची वरची फळी पहिल्याच उन्हाळ्यात आकसते. मे महिन्यात अहिल्यानगरला बनवलेले टेबल मुंबईला पाठवल्यास ती फुगते. जिल्ह्यातल्या जिल्ह्यातही भंडारदऱ्याच्या परिसरातील घर व जामखेडमधील घर यांत पावसाळ्यातील फरक मोठा असतो.

### पारंपरिक ज्ञान

लाकूड हलते ही गोष्ट ग्रामीण सुतारांना व शेतकऱ्यांना प्लायवूड येण्यापूर्वीपासून ठाऊक होती. बैलगाडीच्या लाकडी चाकावर लोखंडी धाव तापवून चढवली जाते व ती गार होताना चाकाला आवळते. उन्हाळ्यात लाकूड वाळून आकसले की आरे खिळखिळे होतात व धाव सैल पडते. अशा वेळी चाके पाण्यात ठेवून किंवा भिजवून पुन्हा घट्ट केली जात. पावसाळ्यात दारे-खिडक्या फुगून चौकटीत अडकणे व हिवाळ्यानंतर त्या पुन्हा सैल होणे, हाही घरोघरीचा अनुभव आहे.

पॅनलच्या दाराची रचना याच जाणिवेतून आलेली आहे. अशा दारात उभ्या-आडव्या अरुंद पट्ट्यांची चौकट करून तिच्या आतील खाचेत रुंद फळी डिंक न लावता मोकळी सोडलेली असते. फळी खाचेत आत-बाहेर सरकते, पण दाराचे बाहेरचे माप फारसे बदलत नाही. प्लायवूडच्या सांगाड्यावरील वरच्या फळीची जोडणी हे याच तत्त्वाचे नवे रूप आहे: हलणारा भाग न हलणाऱ्या भागावर बसवायचा, पण जखडायचा नाही.

अहिल्यानगर शहरात एकोणिसाव्या शतकात अमेरिकन मराठी मिशनने शिक्षणाचे जे काम उभारले, त्यात औद्योगिक शिक्षणाचाही समावेश होता व सुतारकाम हा त्यातील एक विषय होता. आज हे शिक्षण मुख्यतः औद्योगिक प्रशिक्षण संस्थांमधून आणि कारागिराच्या हाताखाली काम करून मिळते.

### जुन्या वाड्यांचे सागवान

जुने वाडे व माळवदाची घरे पाडली जातात, तेव्हा त्यांतील सागवानी तुळया, खांब, दारे व पाट विकले जातात. त्यांच्यापासून चिरलेल्या फळ्या नव्या फर्निचरला वापरण्याची पद्धत महाराष्ट्रात सर्वत्र आहे. संपूर्ण फर्निचर सागवानाचे करणे अनेकांना परवडत नाही. म्हणून सांगाडा प्लायवूडचा व डोळ्यांसमोर राहणारी वरची फळी जुन्या सागवानाची, असा मेळ घातला जातो. ही फळी अनेकदा घराण्याच्या वाड्याची शेवटची खूण असते. ती तडकल्यास तशीच दुसरी मिळत नाही.

अशा लाकडाविषयी ‘शंभर वर्षांचे पिकलेले लाकूड आता हलत नाही’ असा समज प्रचलित आहे. जुने सागवान चांगले वाळलेले असते व नव्या लाकडाप्रमाणे ते पहिल्या वर्षी मोठ्या प्रमाणात आकसत नाही, इतकेच खरे आहे. बाष्प शोषण्याची व सोडण्याची पेशीभित्तिकांची क्षमता वयामुळे नाहीशी होत नाही. त्यामुळे ऋतूनुसार होणारी हालचाल जुन्या फळीतही होते. शिवाय जाड तुळई चिरल्यावर तिच्या आतील भाग प्रथमच उघडा पडतो. म्हणून चिरलेल्या फळ्या मध्ये पट्ट्या ठेवून, हवा खेळती राहील अशा रीतीने, काही आठवडे रचून ठेवणे आवश्यक असते. जुने खिळे काढून टाकणे हेही रंधा मारण्यापूर्वीचे महत्त्वाचे काम आहे.

## हालचालीचा हिशोब

फळीच्या रुंदीत होणारा बदल पुढील सूत्राने काढता येतो:

रुंदीतील बदल = फळीची रुंदी × लाकडाचा गुणांक × आर्द्रतांशातील फरक

यातील गुणांक म्हणजे आर्द्रतांश १ टक्क्याने बदलल्यास रुंदीच्या दर मिलिमीटरमागे होणारा बदल. अमेरिकेतील मॅडिसन येथील वन उत्पादने प्रयोगशाळेच्या ‘वुड हँडबुक’मध्ये अनेक लाकडांचे गुणांक दिलेले आहेत. सागासाठी तो स्पर्शीय दिशेने ०.००१८६ व अरीय दिशेने ०.००१०१ आहे.

६०० मिलिमीटर रुंदीची सागवानी फळी आणि ७ ते १२ टक्के, म्हणजे ५ टक्क्यांचा ऋतुमानातील फरक गृहीत धरल्यास:

- रुंदी स्पर्शीय दिशेने असल्यास: ६०० × ०.००१८६ × ५ = सुमारे ५.६ मिलिमीटर
- रुंदी अरीय दिशेने असल्यास: ६०० × ०.००१०१ × ५ = सुमारे ३ मिलिमीटर

एवढ्याच रुंदीच्या प्लायवूडमधील बदल अर्ध्या मिलिमीटरहूनही कमी असतो. या दोन आकड्यांमधील अंतर जोडणीला सामावून घ्यावे लागते. साग हे तुलनेने स्थिर लाकूड मानले जाते. अमेरिकन रेड ओकसारख्या आयात लाकडाचा स्पर्शीय गुणांक ०.००३६९, म्हणजे सागाच्या जवळजवळ दुप्पट आहे. त्याची तेवढीच फळी याच फरकात सुमारे ११ मिलिमीटर हलेल.

फळी कोणत्या दिशेने कापली आहे हे तिच्या टोकाकडील वलयांवरून ओळखता येते. टोकाला वलये पृष्ठभागाला उभी दिसत असल्यास रुंदी अरीय असते व हालचाल कमी होते. वलये आडवी किंवा कमानीसारखी दिसल्यास रुंदी स्पर्शीय असते. अनेक फळ्या जोडून केलेल्या टॉपमध्ये दोन्ही प्रकार मिसळलेले असतात. अशा वेळी मोठा आकडा धरणे सुरक्षित ठरते. फळ्या एकमेकींना कडेने डिंकाने जोडण्यास हरकत नसते, कारण सर्वांचे तंतू समांतर असतात व त्या एकत्रच हलतात.

## जोडणीची तत्त्वे

- फळी एकाच रेषेवर पक्की करावी. ही रेषा तंतूंना समांतर असावी. तिथून दूर असलेला प्रत्येक स्क्रू सरकू शकेल असा ठेवावा.
- पक्की रेषा कुठे ठेवायची यावर हालचालीची दिशा ठरते. चारही बाजूंनी मोकळ्या टेबलात ती मध्यावर ठेवल्यास हालचाल दोन्ही कडांना निम्मी-निम्मी वाटली जाते. भिंतीलगतच्या कपाटात ती पुढच्या कडेजवळ ठेवतात. त्यामुळे पुढची कड दारे व खणांच्या रेषेत राहते आणि सर्व हालचाल मागे, नजरेआड होते.
- मागे हालचाल होणार असल्यास फळी व भिंत यांच्यात फट ठेवावी लागते. ६०० मिलिमीटरच्या फळीसाठी ६ ते ८ मिलिमीटर फट पुरेशी असते.
- डिंक लावायचाच असेल तर तो पक्क्या रेषेवरील अरुंद पट्ट्यापुरताच लावावा. संपूर्ण प्लायवूडवर डिंक पसरून भरीव फळी चिकटवू नये.
- फळीच्या वरच्या व खालच्या दोन्ही बाजूंना सारखेच पॉलिश करावे. एकच बाजू बंद केल्यास दुसरी बाजू बाष्प लवकर घेते व सोडते, आणि फळी पन्हाळीसारखी वळते.

## जोडणीच्या पद्धती

### लांबट छिद्रे

प्लायवूडच्या सांगाड्यासाठी ही सर्वांत सोपी व स्वस्त पद्धत आहे. सांगाड्याच्या वरच्या बाजूला पुढे-मागे आडव्या पट्ट्या असतात किंवा प्लायवूडचा पूर्ण तक्ता असतो. त्यातून खालून वर स्क्रू मारून फळी धरली जाते. पक्क्या रेषेवर गोल छिद्र व इतरत्र लांबट छिद्र ठेवतात. लांबट छिद्राची लांबी फळीच्या तंतूंना आडव्या दिशेने असावी. शेजारी-शेजारी दोन-तीन छिद्रे पाडून मधला भाग कानशीने काढून टाकला तरी असे छिद्र तयार होते.

पुढच्या कडेला पक्की केलेल्या ६०० मिलिमीटर फळीत मागची स्क्रूंची ओळ पुढच्या ओळीपासून ५६० मिलिमीटरवर असल्यास तेथील हालचाल सुमारे ५.२ मिलिमीटर होते. स्क्रूची जाडी ४ मिलिमीटरच्या आसपास असते; थोडी जादा जागा धरून १२ मिलिमीटर लांबीचे छिद्र योग्य ठरते. स्क्रू चपट्या बुडाच्या डोक्याचा असावा व त्याखाली वॉशर घालावा. शंकूच्या आकाराचे डोके छिद्राच्या कडेत रुतते आणि फळी पुन्हा जखडली जाते. स्क्रू हाताने घट्ट करावा. मशिनने पूर्ण जोर लावून आवळू नये.

स्क्रूची लांबीही मोजून घ्यावी लागते. १८ मिलिमीटर प्लायवूड व २० मिलिमीटर फळी एकत्रित ३८ मिलिमीटर होतात. त्यासाठी ३० मिलिमीटरचा स्क्रू फळीत सुमारे १२ मिलिमीटर शिरतो व वर फुटण्याचा धोका राहत नाही.

### लाकडी गुटके

या पद्धतीत सांगाड्याच्या आतील बाजूस वरच्या कडेपासून थोडे खाली एक आडवी खाच पाडतात. इंग्रजी ‘एल’ अक्षराच्या आकाराचा लाकडी गुटका घेऊन त्याची जीभ खाचेत घालतात व गुटका खालून फळीला स्क्रूने बसवतात. जीभ खाचेत सरकते. गुटका मात्र फळीला खाली ओढून धरतो. फळी घट्ट बसावी म्हणून गुटक्याचा माथा व फळी यांच्यात सुरुवातीला अर्धा ते एक मिलिमीटर अंतर ठेवतात. स्क्रू आवळल्यावर ते मिटते.

गुटक्याचे तंतू जिभेच्या लांबीच्या दिशेने असणे अत्यावश्यक आहे. ते आडवे असल्यास जीभ तुटते. प्लायवूडमध्ये खाच पाडताना ती वरच्या कडेच्या अगदी जवळ घेऊ नये, अन्यथा थर सुटू शकतात. बाजूच्या तक्त्यांत खाच सलग ठेवतात, म्हणजे तेथील गुटके खाचेच्या लांबीतून सरकू शकतात.

### धातूच्या पट्ट्या

- आठच्या आकाराची पट्टी: इंग्रजी ८ या आकड्यासारखी दिसणारी ही पट्टी एका स्क्रूने सांगाड्याच्या वरच्या कडेला व दुसऱ्याने फळीला लावतात. फळी हलली की पट्टी स्क्रूभोवती किंचित फिरते. त्यासाठी तिच्याभोवती फिरण्यापुरती जागा कोरावी लागते. प्लायवूडच्या कडेत स्क्रूची पकड कमी असते, म्हणून तेथे भरीव लाकडाची पट्टी जोडणे हिताचे असते.
- झेड पट्टी: हिचे एक टोक करवतीने पाडलेल्या खाचेत व दुसरे फळीला असते. कार्यतत्त्व लाकडी गुटक्याप्रमाणेच आहे.
- लांबट छिद्रांचा अँगल: बाजारात सहज मिळणारा हा अँगल तयार फर्निचरला नंतरही लावता येतो. लांबट छिद्राची बाजू फळीकडे व गोल छिद्राची बाजू सांगाड्याकडे ठेवतात.

### रुंद फळी सपाट ठेवण्याचे उपाय

खूप रुंद किंवा पातळ फळी वळू नये म्हणून तिच्या खाली आडवी पट्टी बसवतात. ही पट्टी फळीला चिकटवली तर मूळ दोष पुन्हा निर्माण होतो. म्हणून ती डव्हटेल खाचेत डिंक न लावता सरकवतात, किंवा लांबट छिद्रांतून स्क्रूने धरतात. फळीच्या टोकांना आडवी पट्टी जोडायची असल्यास ती केवळ मध्यावर पक्की करून उरलेल्या लांबीत मोकळी ठेवतात. अशा पट्टीची टोके व फळीच्या कडा वर्षभर एका रेषेत राहत नाहीत. हा दोष मानला जात नाही.

## ऋतू व जोडणी

जोडणी कोणत्या महिन्यात होते, यावर स्क्रू छिद्रात कुठे ठेवायचा हे अवलंबून असते. फळी पुढच्या कडेला पक्की असून मागे सरकणार आहे असे धरल्यास:

- एप्रिल-मे: फळी सर्वांत अरुंद असते व पुढे ती फुगणार असते. स्क्रू लांबट छिद्राच्या पुढच्या टोकाजवळ ठेवावा. मागील गुटक्याचा खांदा व सांगाडा यांत पूर्ण हालचालीइतके अंतर सोडावे.
- जुलै-सप्टेंबर: फळी सर्वांत रुंद असते व पुढे ती आकसणार असते. स्क्रू छिद्राच्या मागच्या टोकाजवळ ठेवावा. गुटका सांगाड्याला जवळजवळ टेकलेला चालतो. मात्र फळी आकसल्यावर जीभ खाचेतून बाहेर येणार नाही इतकी लांब असावी.
- ऑक्टोबर-डिसेंबर: फळी मधल्या मापाची असते. स्क्रू छिद्राच्या मध्यावर ठेवणे योग्य असते.

फळी ज्या घरात जाणार तेथे जोडणीपूर्वी काही आठवडे ठेवल्यास ती त्या हवेशी समतोल साधते. दोन टोकदार सुयांचा आर्द्रतामापक उपलब्ध असल्यास अंदाजाची गरज राहत नाही.

## तडा जाण्याची प्रक्रिया

कोरड्या ऋतूत जखडलेली फळी पुढच्या पावसाळ्यात केवळ फुगेल, मग ती उन्हाळ्यात तडकते का, असा प्रश्न उपस्थित होतो. जखडलेल्या फळीला पावसाळ्यात फुगण्यास जागा मिळत नाही, तेव्हा तिच्या पेशी आपल्याच दाबाखाली चिरडल्या जातात. हा बदल कायमचा असतो. पुढील उन्हाळ्यात फळी वाळते, तेव्हा तिची नैसर्गिक रुंदी आधीपेक्षा कमी झालेली असते; पण स्क्रू किंवा डिंक तिला जुन्याच रुंदीवर ताणून धरतात. हा ताण असह्य झाला की तंतूंच्या रेषेत तडा जातो. अनेक फर्निचरमध्ये पहिले वर्ष निर्विघ्न जाऊन दुसऱ्या उन्हाळ्यात तडा दिसतो, त्याचे हे एक कारण आहे.

अशा तड्याचा दोष बहुधा लाकडाला, पॉलिशला किंवा डिंकाला दिला जातो. तडा स्क्रूंच्या दोन ओळींच्या दरम्यान, तंतूंना समांतर असेल आणि उन्हाळ्यात रुंदावून पावसाळ्यात मिटत असेल, तर जोडणी तपासणे आवश्यक असते.

## दुरुस्ती

तडा भुसा व डिंक यांच्या मिश्रणाने लगेच बुजवणे ही सामान्य चूक आहे. उन्हाळ्यात रुंद असलेला तडा भरल्यास पावसाळ्यात फळीला मिटण्यास जागा उरत नाही, पेशी पुन्हा चिरडल्या जातात व पुढच्या उन्हाळ्यात नवा तडा जातो. योग्य क्रम असा आहे: प्रथम खालचे सर्व स्क्रू काढून फळी मोकळी करावी. सांगाड्यातील गोल छिद्रे लांबट करावीत. मोकळी झालेली फळी काही दिवस तशीच ठेवल्यास तडा अनेकदा आपोआप अरुंद होतो. त्यानंतर त्यात डिंक सोडून शिकंजाने दाबावे, किंवा तडा मोठा असल्यास त्याच लाकडाची, त्याच दिशेच्या तंतूंची पातळ चीप बसवावी. फळी पूर्ण डिंकाने चिकटवलेली असल्यास ती न मोडता सोडवणे कठीण असते. म्हणूनच चिकटवण्याचा निर्णय सुरुवातीलाच टाळणे महत्त्वाचे ठरते.

## गैरसमज

- ‘जास्त स्क्रू लावल्यास फळी हलणार नाही’: स्क्रूंनी हालचालीचे कारण नाहीसे होत नाही, केवळ ताण वाढतो.
- ‘पॉलिशने लाकूड बंद होते’: मेलामाइन किंवा पीयू पॉलिश बाष्पाची ये-जा मंद करते, थांबवत नाही. काही दिवसांचे चढउतार त्यामुळे सौम्य होतात. संपूर्ण ऋतूचा फरक मात्र पोहोचतोच.
- ‘जाड फळी स्थिर असते’: जाड फळी हळू प्रतिसाद देते, पण अखेरीस तेवढीच हलते आणि अडवल्यास अधिक जोराने ढकलते.

## जेथे ही काळजी लागत नाही

प्लायवूडच्या कडांना लावलेल्या भरीव लाकडाच्या अरुंद पट्ट्या डिंकाने पूर्ण चिकटवता येतात. ५० मिलिमीटर रुंदीच्या सागवानी पट्टीतील ऋतुमानाचा बदल अर्ध्या मिलिमीटरच्या आतच राहतो. मात्र रुंद पट्ट्यांची चौकट कोपऱ्यांत ४५ अंशांत जोडल्यास तेथील सांधे उन्हाळ्यात उघडू शकतात. प्लायवूडवर चिकटवलेला लाकडाचा पातळ पापुद्रा, म्हणजे विनियर, एक मिलिमीटरहूनही कमी जाडीचा असतो. त्याची हालचाल खालचे प्लायवूड रोखून धरू शकते. वरची फळी हलू नये अशीच गरज असेल, उदाहरणार्थ दोन भिंतींच्या मधोमध घट्ट बसणारे कपाट, तर भरीव फळीऐवजी विनियर लावलेले प्लायवूड व कडेला अरुंद भरीव पट्टी हा पर्याय योग्य ठरतो.

## हे सुद्धा पहा

- सुतारकाम
- प्लायवूड
- साग
- सापेक्ष आर्द्रता
- अहिल्यानगर जिल्हा